पट्टीचं वजन वजा करून

काटेबाईंचं खरं नाव त्या इमारतीत कुणाला ठाऊक नव्हतं आणि त्यावाचून कुणाचं काही अडलंही नव्हतं. खांद्याला वजनकाट्याची पिशवी लटकवून दर पंधरवड्याला धापा टाकत जिना चढणारी बाई, एवढी ओळख पुरेशी होती. हे नाव पाडलं होतं दुसऱ्या मजल्यावरच्या कंडक्टरकाकांनी. काका निवृत्त होऊन जमाना लोटला होता, पण येणाऱ्याजाणाऱ्याला टोपणनाव चिकटवायची खोड बसमध्ये लागली ती काही सुटली नव्हती. त्यांच्या पायांना मलमपट्टी करायला येणारी मुलगी ती पट्टीवाली आणि वजन करायला येणारी ती काटेबाई. दोघींच्या संस्था वेगळ्या, साहेब वेगळे, पिशव्या वेगळ्या. म्हातारा मात्र एकच, आणि तो दोघींनी आपसांत वाटून घेतला होता म्हणा ना. गुडघ्याखालचे काका पट्टीवालीचे, बाकीचे काटेबाईंचे.

काटेबाई आहारशास्त्र शिकलेल्या होत्या आणि त्यांच्या संशोधनाचा सवाल सोपा होता. माणूस म्हातारा झाला, एकटा राहिला, तर स्वतःच्या घरात स्वतःच्या हातापायांवर तो किती काळ निभावून नेतो, आणि त्यात त्याच्या ताटाचा वाटा किती? त्यासाठी त्या घरोघर जाऊन म्हाताऱ्यांची वजनं घेत, ताटात वाढलेलं आणि ताटात उरलेलं तोलत, दुधात मिसळायच्या पावडरीचे डबे वाटत. कामात इतक्या चोख की ऑफिसातले लोक पाठीमागे हसत. काकांच्या दोन्ही पायांना घोट्यापासून गुडघ्यापर्यंत जाड पट्ट्या असायच्या. तर या बाईंनी पट्टीवालीकडून तसल्याच पट्ट्यांचा एक जोड मागून घेतला, मलमासकट तोलला, आणि दर वेळी काट्यावरच्या आकड्यातून तेवढं वजा करू लागल्या.

"बरोबर आहे," काका म्हणाले. "पट्ट्या बांधून फुगलो असं कुणी म्हणायला नको."

"म्हणूनच वजा करते," काटेबाईंनी गंभीरपणे सांगितलं. थट्टा कळायला त्यांना नेहमी जरा उशीर व्हायचा.

जन्मभर चालत्या बसमध्ये उभं राहून काकांच्या पायांच्या शिरा दोरासारख्या वर आल्या होत्या आणि त्यापायी दोन्ही नडग्यांवर इसब झालं होतं. खाज, पाणी, खपल्या, पुन्हा खाज. पट्टीवालीच्या डॉक्टरांचा अभ्यास त्या इसबाचा होता. अमुक मलम लावून पाय बांधून ठेवले तर त्वचा लवकर भरून येते का, हे त्यांना पाहायचं होतं. त्यांचा नियम कडक होता. पट्टी पट्टीवालीनंच बांधायची आणि तिनंच सोडायची. मध्ये दुसऱ्या कुणी हात लावला की काका अभ्यासातून बाद. काटेबाईंना नियम मोडणाऱ्यांचा मुळातच राग, त्यामुळे त्यांनी त्या पट्टीला कधी बोटसुद्धा लावलं नाही.

आता लेकीचं. काकू गेल्यावर काका चहाबिस्किटांवर दिवस काढत होते. दुसऱ्या गावी राहणारी लेक एकदा न कळवता आली, तर बापाची पँट कमरेला सुतळीनं बांधलेली. ती तिथंच उंबऱ्यात बसून रडली आणि म्हणाली, चला माझ्याकडे. काका म्हणाले, येत नाही. त्यावरून बापलेकीत बोलणं बंद होण्याची वेळ आली. लेक वाईट नव्हती, हे इथंच सांगितलेलं बरं. तिच्या घरात बापासाठी खिडकीजवळची खोली होती, आणि जावयानं सासऱ्याला तळहाताच्या फोडासारखं जपलं असतं. काकांना नेमकं तेच नको होतं.

"महिनाभर राहून आलोय तिच्याकडे," त्यांनी काटेबाईंना सांगितलं. "सोन्यासारखी माणसं आहेत, उगाच खोटं कशाला बोलू. पण मी पाण्याला उठलो की घरातले सगळे उठतात. कप विसळायला घेतला की हातातून काढून घेतात. बाथरूममध्ये गेलो की बाहेरून हाका, बाबा, बरे आहात ना? अहो, सगळी हयात मी लोकांना 'पुढे सरका' म्हणत काढली. तिथं मलाच कुणी पुढे सरकू देत नाही."

इथं त्यांच्या दोनच खोल्या होत्या, त्याही बसडेपोच्या मागच्या बाजूला. पहाटेपासून इंजिनं सुरू व्हायची आणि भांड्यांच्या मांडणीवर वाट्या थरथरायच्या. काका नुसत्या आवाजावरून सांगायचे, कुठली गाडी धडधाकट आहे आणि कुठली आज रस्त्यात बसणार आहे. स्वतःच्या हातचा चहा पिऊन, स्वतःच्या हातानं दाराला कुलूप घालून ते कोपऱ्यावरच्या स्टॉपवर जाऊन बसत. येणारा प्रत्येक ड्रायव्हर त्यांना हात करी. कुठली बस किती उशिरा आली यावरून ते दिवसभर चिडत आणि त्या चिडण्यावर त्यांचं उत्तम चाललं होतं.

भांडणावर तोडगा काढला तो काटेबाईंनी. एके दिवशी बापलेक त्यांच्या देखत जुंपले, तेव्हा त्यांनी काटा मध्ये ठेवला आणि म्हणाल्या, "तुम्ही दोघंही गप्प बसा. हा ठरवेल." वजन पन्नासच्या वर राहिलं तर काका इथंच राहतील. पन्नासच्या खाली गेलं की त्यांनी मुकाट्यानं सामान बांधायचं. त्या दिवशी काका पन्नासला जेमतेम टेकलेले होते. लेकीनं डोळे पुसून हात पुढे केला आणि काकांनीही हात दिला. दोघांचा एकमेकांवर नव्हता इतका काटेबाईंवर विश्वास होता.

पुढचे काही महिने काटेबाईंनी जिवाचा आटापिटा केला. अंडी कशी उकडून ठेवायची, सुपात काय घालायचं, पावडर गुठळ्या न होता कशी ढवळायची, सगळं काकांच्या ओट्याशी उभं राहून दाखवलं. काका ताटाशी बसत, चिवडत आणि ताट सारून ठेवत. भूकच मेलीये म्हणत. काटेबाई उरलेलं तोलत आणि घरी जाताना त्यांचा जीव खालीवर होई. काटा पन्नासच्या जेमतेम वर रेंगाळत राहिला. त्यांचे आणखी पुष्कळ म्हातारे होते, पण झोपेत त्यांना आकडा दिसे तो काकांचा.

आणि मग काटा हलला. आधी अर्ध्या किलोनं, मग किलोभरानं, आणि मग असा वाढत गेला की काटेबाईंनी काट्याचीच तपासणी करून आणली. काटा चोख होता.

"पंचावन्न, काका," एका सकाळी त्या म्हणाल्या. "पट्टीचं वजन वजा करून."

काकांनी काट्यावर उभ्या उभ्या टाळ्या वाजवल्या आणि काटेबाईंनीही वाजवल्या. दोघं शहाणीसुरती माणसं त्या दोन खोल्यांत एका आकड्यासाठी टाळ्या वाजवत उभी होती. काटेबाईंनी तिथूनच लेकीला फोन लावला. तुमचे बाबा जोरात आहेत, काही काळजी करू नका, असं त्यांनी स्वतःच्या तोंडानं सांगितलं. ऑफिसात साहेबांनी काकांचा चढता आलेख मीटिंगमध्ये भिंतीवर दाखवला.

दिसत काहीच नव्हतं असं नाही. ताटात उरलेलं अजून तेवढंच होतं. काट्यावरून उतरताना काकांचा दंड धरला तर बाईंची बोटं जवळजवळ मिळायची. खाणं वाढलेलं नाही, दंड काडीसारखा, मग वजन येतंय कुठून, हा प्रश्न त्यांना एकदा पडलाही होता. पावडर लागू पडली असेल, असं म्हणून त्यांनी मनाची समजूत घातली. काका इथं राहावेत ही त्यांची इच्छा होती आणि काटा त्यांच्या बाजूनं बोलत होता. मग दुसऱ्या कशाचं ऐकून घ्यायची त्यांना गरज वाटली नाही.

काकाही काही लपवत नव्हते, फक्त नेहमीसारखे थट्टेत सांगत होते. "हल्ली खुर्चीतच झोपतो. आडवं पडलं की घुसमटतं. जन्मभर उभा होतो ना, आता बसून घेतोय." काटेबाईंना या वेळी थट्टा ताबडतोब कळली आणि त्या हसल्या. पाय शिशासारखे जड झालेत, असंही काका म्हणाले. "वजन वाढलंय तुमचं," बाईंनी सांगितलं. "पायांना सवय व्हायला वेळ लागणारच." काका त्यावर खूश झाले.

एकदा जिन्यात पट्टीवालीची गाठ पडली. ती खाली येत होती, या वर जात होत्या.

"ताई, काकांचे पाय मला हल्ली सुजलेले वाटतात," पट्टीवाली म्हणाली. "आमच्या डॉक्टरांना म्हटलं, तर ते म्हणाले इसबात थोडी सूज असतेच. पण पट्टी पुरत नाही हो, जास्तीची गुंडाळावी लागते. बाकी तब्येत कशी आहे त्यांची?"

"तब्येत एक नंबर. वजन पाच किलोनं वाढलंय."

"हो का? मग काळजी नाही," असं म्हणून पट्टीवाली मोकळी झाली आणि दोन पायऱ्या उतरली.

"थांब थांब," काटेबाईंनी तिला हाक मारली. "पट्टी जास्तीची लागते म्हणालीस. किती जास्तीची?"

तिनं हातानं अंदाज दाखवला. काटेबाईंनी त्याच दिवशी तेवढी पट्टी तोलली आणि पुढच्या खेपेपासून तेवढं जास्तीचं वजा केलं. सूज हा शब्द त्यांच्या कानावर पडला होता. त्यातून त्यांनी उचललं ते एवढंच.

पुढे एका सकाळी काका स्टॉपवर बसलेले ड्रायव्हरला दिसले, पण त्यांनी हात केला नाही. त्यानं बस थांबवून पाहिलं, तर ओठ निळे पडलेले आणि श्वास घेता येत नव्हता. त्यानं मागचापुढचा विचार केला नाही. काकांना उचलून पहिल्या सीटवर बसवलं आणि माणसांनी भरलेली बस मार्ग सोडून थेट हॉस्पिटलच्या दारात नेली. एकाही प्रवाशानं कुरकुर केली नाही.

काटेबाई पोचल्या तेव्हा पट्ट्या कात्रीनं कापून काढलेल्या होत्या. काकांचे पाय त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले. त्वचा खरंच सुधारली होती, खपल्या गेल्या होत्या, आणि ती त्वचा ताणून ताणून चकाकत होती. तरुण डॉक्टरनं नडगीवर अंगठा दाबून उचलला. अंगठ्याएवढा खड्डा तिथं तसाच राहिला.

"हृदय थकलंय," डॉक्टर म्हणाला. "अंगात पाणी साठत गेलंय, पायांपासून पार छातीपर्यंत. हे काल-परवाचं नाही. यांचं वजन कुणी बघत नव्हतं का?"

"मी बघत होते," काटेबाई म्हणाल्या.

"मग?"

"वाढत होतं."

डॉक्टर रागावला असता तर बरं झालं असतं. "आधी कळलं असतं तर गोळ्यांवर निभावलं असतं," एवढंच म्हणून तो पुढच्या खाटेकडे गेला.

बाहेर बाकावर पट्टीवाली बसली होती. तिचे डोळे सुजले होते. "ताई, मी तुम्हाला जिन्यात विचारलं होतं ना," ती म्हणाली. त्यात दोष देणं नव्हतं, ती खरोखरच आठवून बघत होती. "तुम्ही म्हणालात तब्येत एक नंबर. म्हणून मी पुन्हा कुणाला बोलले नाही." काटेबाई तिच्या शेजारी बसल्या.

औषधानं पाणी उतरू लागलं. वॉर्डात रोज वजन व्हायचं आणि काटेबाई ते आपल्या हातानं करायच्या. कुणी सांगितलं नव्हतं, पण दुसऱ्या कुणाला करू द्यायची त्यांची तयारी नव्हती. आकडे उलटे उतरत होते. पंचावन्न गेले, ज्याबद्दल त्यांनी काकांना शाबासकी दिली होती. बावन्न गेले. पन्नास आले आणि पन्नासही गेले. दंड, बरगड्या आणि गालफडं आता त्या आकड्यांशी जुळू लागली होती. काका वर्षभर भरत नव्हते, वर्षभर झिजत होते, आणि त्यांच्या झिजण्याला बाईंनी टाळ्या वाजवल्या होत्या. शेवटी काटा सेहेचाळीसवर थांबला. काटेबाईंनी काकांना खाटेवर निजवलं, काटा भिंतीशी उभा केला, आणि नळावर जाऊन तोंडात पदर कोंबून रडल्या.

परत आल्या तेव्हा गावाहून धावत आलेली लेक खाली गेली होती. औषधं आणि काहीतरी खायला घेऊन येते म्हणाली होती. काका जागे होते.

"काका," काटेबाई स्टुलावर बसल्या. "ते वजन नव्हतं. पाणी होतं. मी वर्षभर पाणी तोलत होते."

काकांच्या ओठांच्या कडा हलल्या.

"म्हणजे विनातिकीट प्रवासी," ते म्हणाले. "माझ्याच गाडीत भरले आणि मला पत्ता नाही."

या खेपेला थट्टा कळूनही काटेबाईंना हसू आलं नाही. "माझी चूक आहे, काका. पट्टीवाली बोलली होती मला. तेव्हाच डॉक्टरांकडे नेलं असतं तर तुम्ही आज..."

"खरं वजन किती?"

"सेहेचाळीस."

काकांनी मान हलवली. आजवर ते बाईंना अहो-जाहो करत आले होते. आता म्हणाले, "रडू नकोस. लेकीला सांगितलंस?"

"अजून नाही. आता ती आली की सांगणार आहे. सगळं सांगणार आहे. औषधं सुरू राहिली, नीट खाल्लंत, तर काही महिन्यांत खरंच वजन येईल. मी रोज येईन वाटलं तर. तिला विनवून बघते, काका. एकदा संधी द्या म्हणते."

"नको," काका म्हणाले. "शब्द दिलाय मी. आणि तिला काय सांगशील? की तुझा बाप इथं झिजत होता आणि तू लांब बसून निर्धास्त होतीस? पोर आयुष्यभर झोपायची नाही. तू झोपणार नाहीस ते दिसतंच आहे. एक पुरे."

"पण मी गप्प कशी राहू?"

"राहायचं," काका म्हणाले.

तेवढ्यात लेक आलीच. एका हातात औषधांची पिशवी, दुसऱ्या हातात डबा. काटेबाई उठून उभ्या राहिल्या आणि त्यांनी तोंड उघडलं, पण काका आधी बोलले.

"पोरी, एक बोलायचं होतं. मी येतो तुझ्याकडे राहायला."

लेक खाटेशी आली. "खरंच?"

"कंटाळलो गं एकटा. कधीपासून मनात होतं, पण तोंडानं म्हणवत नव्हतं. तुझा बाप हट्टी, तुला काय सांगायचं."

"बाबा," लेक म्हणाली आणि हातातलं सामान खाटेवर ठेवून तिनं त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं. ती रडत होती आणि हसत होती. "मला वाटायचंच. मी यांनाही म्हणायचे, बाबांना यायचंय, पण ते म्हणणार नाहीत. आणि घराचं काय करू या?"

"देऊन टाक कुणाला तरी भाड्यानं. डेपोचा फार आवाज येतो तिथं. झोप म्हणून लागत नाही."

बोलताना काकांनी लेकीच्या खांद्यावरून काटेबाईंकडे पाहिलं. भरल्या बसमध्ये एखाद्याला नुसत्या नजरेनं गप्प बसवायचे तसं पाहिलं. काटेबाई मूग गिळून उभ्या राहिल्या. आपल्यामुळे या माणसाचं घर गेलं, आणि हा आपल्यालाच सांभाळून घेतोय, हे त्यांना सहन होत नव्हतं, आणि सहन करण्यावाचून इलाज नव्हता.

लेकीनं डोळे पुसून त्यांचे दोन्ही हात हातात घेतले. "ताई, तुमच्यामुळे माझे बाबा वर्षभर त्यांच्या मनासारखे राहिले. तुम्ही होतात म्हणून मी निर्धास्त होते."

"असं नका म्हणू," काटेबाई म्हणाल्या.

"काय आणलंयस खायला?" काकांनी विचारलं. "भूक लागलीये."

लेकीनं डबा उघडला. सूप होतं, वाफाळतं. काकांनी चमच्यासाठी हात पुढे केला. "राहू द्या बाबा, सांडेल. मी भरवते," लेक म्हणाली. काकांचा हात क्षणभर तसाच अधांतरी राहिला. मग त्यांनी तो हळूच पांघरुणावर ठेवून दिला आणि तोंड उघडलं.

वर्षभर काटेबाईंनी त्या माणसाच्या पुढ्यात काय काय मांडलं होतं, किती विनवण्या केल्या होत्या, पण ताट त्यानं एकदाही संपवलं नव्हतं. आज तो चमच्यामागून चमचा गिळत होता. भूक नव्हती, हे काटेबाईंना समोर दिसत होतं. प्रत्येक घोटाला त्याच्या गळ्याची शीर ताठ होत होती, आणि तरी लेकीचा हात वर आला की तो हसून तोंड उघडत होता. सूप निम्म्याच्या खाली गेलं.

"बघा ना ताई, किती छान खातायत," लेक म्हणाली.

"हो," काटेबाई म्हणाल्या, आणि काकांनी पुढच्या चमच्यासाठी तोंड उघडलं.